हॉवर्डचा रंगमंच आणि डॉडसन यांचा वारसा

अमेरिकेत मे २०२५ मध्ये ‘नॅशनल एन्डॉवमेंट फॉर द आर्ट्स’ या सरकारी संस्थेने अनेक नाट्यसंस्थांना मंजूर झालेली अनुदाने रद्द केली. ब्रॉडवेवरील व्यावसायिक नाटके अशा अनुदानावर अवलंबून नसतात. झळ बसते ती छोट्या आणि प्रायोगिक संस्थांना. कृष्णवर्णीयांची रंगभूमी मुख्यतः अशाच संस्थांत आणि विद्यापीठांच्या नाट्यविभागांत वाढली. त्यामुळे ती कोणाच्या आधाराने उभी राहिली, हे पाहणे आज उद्बोधक ठरेल. त्यासाठी ओवेन डॉडसन यांच्या कारकिर्दीसारखे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल.

नाटककार ते शिक्षक

डॉडसन यांचा जन्म १९१४ मध्ये ब्रुकलिन येथे झाला. येल विद्यापीठात नाट्यशिक्षण घेत असतानाच, १९३८ मध्ये, त्यांचे ‘डिव्हाइन कॉमेडी’ हे पद्यनाट्य तेथे रंगमंचावर आले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नौदलात असताना त्यांनी कृष्णवर्णीय नौसैनिकांसाठी नाटके लिहिली आणि बसवली. १९४४ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यांचा ‘न्यू वर्ल्ड ए-कमिंग’ हा भव्य प्रयोग झाला. कवी आणि कादंबरीकार म्हणूनही ते मान्यता पावले. तरीही ब्रॉडवेच्या इतिहासात त्यांचे नाव ठळकपणे दिसत नाही. त्यांचे खरे कार्य घडले ते वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात, १९४७ ते १९७० या २३ वर्षांत.

राजधानीतील विसंगती

त्या काळी वॉशिंग्टनमधील नॅशनल थिएटरमध्ये कृष्णवर्णीय प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. नटांच्या ‘ॲक्टर्स इक्विटी’ या संघटनेने तेथे काम करण्यास नकार दिला, तेव्हा मालकांनी धोरण बदलण्याऐवजी १९४८ मध्ये नाट्यगृहाचे चित्रपटगृह केले. पुढल्याच वर्षी हॉवर्डच्या विद्यार्थ्यांचा संच नॉर्वे, डेन्मार्क, स्वीडन आणि जर्मनीच्या दौऱ्यावर गेला. विभागप्रमुख ॲन कुक यांच्याबरोबर डॉडसनही त्यात होते. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी इब्सेनचे ‘द वाइल्ड डक’ थेट इब्सेनच्या देशात सादर केले. मायदेशाच्या राजधानीत ज्यांना प्रेक्षक म्हणूनही जागा नव्हती, ते परदेशात त्याच देशाचे सांस्कृतिक प्रतिनिधी ठरले. नॅशनल थिएटर पुन्हा नाटकांसाठी आणि सर्व वर्णांच्या प्रेक्षकांसाठी खुले होण्यास १९५२ साल उजाडावे लागले.

१९५५ मध्ये डॉडसन यांनी जेम्स बाल्डविन यांचे ‘द आमेन कॉर्नर’ हॉवर्डमध्ये प्रथम रंगमंचावर आणले. पात्रांच्या तोंडी असलेली बोलीभाषा विद्यापीठातील काही प्राध्यापकांना रुचली नव्हती. डॉडसन मात्र ठाम राहिले. हेच नाटक ब्रॉडवेवर पोहोचले १९६५ मध्ये. व्यावसायिक रंगभूमीला जे कळायला दहा वर्षे लागली, ते एका नाट्यशिक्षकाने आधीच ओळखले होते.

आजचा प्रश्न

हॉवर्डचे स्वतंत्र ललित कला महाविद्यालय १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात दुसऱ्या विद्याशाखेत विलीन करण्यात आले. त्याविरुद्ध आवाज उठविणाऱ्या विद्यार्थ्यांत पुढे अभिनेते म्हणून गाजलेले चॅडविक बोसमन होते. त्यांचे २०२० मध्ये निधन झाले. २०२१ मध्ये महाविद्यालय पुन्हा स्वतंत्र झाले आणि त्याला त्यांचेच नाव देण्यात आले. हॉवर्डच्याच पदवीधर अभिनेत्री फिलिशिया रशाद २०२४ पर्यंत त्याच्या अधिष्ठाता होत्या. नेटफ्लिक्सने शिष्यवृत्तीसाठी ५४ लाख डॉलर दिले.

ही मदत मोलाची असली, तरी ती एका लोकप्रिय नटाच्या नावाने आली, हे विसरून चालणार नाही. डॉडसन यांच्यासारख्या शिक्षकांना अशी प्रसिद्धी लाभत नाही. शिवाय हॉवर्डला दरवर्षी संघीय सरकारचे अनुदान मिळते. म्हणजे सरकारी धोरणातील बदलांपासून हे विद्यापीठही अलिप्त राहू शकत नाही.

अनुदान रद्द झाल्याने एखादा प्रयोग थांबतो, तो पुढे केव्हातरी उभा राहू शकतो. परंतु वर्षानुवर्षे एकाच ठिकाणी राहून नवे नाटककार आणि नट घडविणाऱ्या शिक्षकाची जागा रिकामी झाली, तर तिची उणीव लगेच जाणवत नाही. ती जाणवते एका पिढीनंतर, आणि तोवर भरपाईची वेळ निघून गेलेली असते. अमेरिकी रंगभूमीपुढील खरा धोका तोच आहे.