राणीची ती दोन पत्रे

झाशीच्या राणीचे चरित्र लिहायला घेतले की सल्ला ठरलेला : जून 1857 मधल्या त्या दोन पत्रांच्या वाटेला जाऊ नका. 12 आणि 14 जूनला लक्ष्मीबाईंनी कमिशनर अर्स्किनला लिहिले. झोकनबागेतल्या इंग्रजांच्या कत्तलीचा दोष त्यांनी बंडखोर शिपायांवर ठेवला, शिपायांनी आपल्याला धाक घालून पैसे उकळल्याचे कळवले. आक्षेपक म्हणतात, राणी असे लिहीलच कशी? आणि लिहिले असले, तरी ते छापून निंदकांच्या हाती कोलीत का द्यावे?

कोलीत दिले कोणी? कत्तलीचा आळ इंग्रजांनी राणीवर घेतला. तो खोडून काढायला द. ब. पारसनीसांनी 1894 च्या चरित्रात मार्टिन नावाच्या इंग्रजाचे पत्रही पुढे केले. पत्रे दडपली, तर राणीच्या बाजूचा साक्षीदारच आपण गप्प बसवतो.

'तो नुसता डावपेच होता,' ही पळवाटही मला पटत नाही. फौज येईपर्यंत कारभार बाईंनी पाहावा, असे अर्स्किनने 2 जुलैला कळवले. त्यांनी तो पाहिला. ओरछ्याचा नथेखान चालून आला. इंग्रजांकडून एक शिपाई आला नाही. बाईंनीच त्याला पिटाळला. तिकडे साहेबांचा संशय मात्र वाढतच गेला. मार्च 1858 मध्ये ह्यू रोज तटाखाली आला, तेव्हा त्या लढल्या. जन्मतःच बंडखोर ठरवलेल्या राणीला निर्णय घ्यावाच लागत नाही. या बाईंनी नऊ महिने सगळे जोखून तो घेतला. मला ही राणी मोठी वाटते.

भक्तांची कात्री हेतूने शुद्धच असते. राणीला प्रत्यक्ष पाहिलेल्या गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' 1907 मध्ये छापताना चिं. वि. वैद्यांनी मजकुरावर हात फिरवला. मूळ संहिता दत्तो वामन पोतदारांनी 1966 मध्ये पुढे आणली. काळपीच्या वाटेवर, तहानेने कासावीस असताना, भटजींना पाणी शेंदू न देता स्वतः शेंदून ओंजळीने पिणाऱ्या बाईसाहेब याच पुस्तकातल्या. हा माणूस भाट नव्हता, म्हणून ते खरे वाटते.

कात्री नाकारणाऱ्याला शिक्षाही होते. अमेरिकेत फॉन ब्रॉडीबाईंनी मॉर्मन पंथाच्या जोसेफ स्मिथचे चरित्र 1945 मध्ये लिहिले; पुढच्याच वर्षी पंथाने त्यांना बहिष्कृत केले. निदान तिथे पंथ तरी होता. आपल्याकडे 2008 मध्ये जयश्री मिश्रांच्या 'राणी' कादंबरीवर उत्तर प्रदेश सरकारने बंदी घातली. राणी आणि एलिस या इंग्रज अधिकाऱ्याच्या जवळिकीची ती कल्पना मलाही पोकळ वाटते. पण तिला पुरावा नाही, एवढे म्हणणे पुरेसे होते. त्यासाठी सरकार लागत नाही.