फ्रीजरमधला रुपया



या वेळचा विषय फ्रीजरचा आहे. "आमच्या घरी कुठला आला फ्रीजर?" असे म्हणून पान उलटू नका. हप्त्यावर घेतलेला का होईना, एका दाराचा फ्रीज आज वस्तीवस्तीत दिसतो. त्याच्या वरच्या अंगाला बर्फाचा जो लहानसा कप्पा असतो, त्यालाच आपण फ्रीजर म्हणतो. रविवारचे उरलेले मटण, स्वस्तात मिळालेले वाटाणे, पाहुण्यांसाठी आणलेली कोंबडी, सारे काही आपण त्यात कोंबतो आणि निर्धास्त होतो. ही निर्धास्ती अंगाशी कशी येते, ते गेल्या उन्हाळ्यात आमच्याच घरच्यांनी अनुभवले.

माझी नणंद राहुरी तालुक्यात एका वस्तीवर राहते. नवराबायको दोघेही मोलमजुरी करतात. रविवारी मटणाचा रस्सा उरला, तो तिने डब्यात भरून बर्फाच्या कप्प्यात ठेवला. सोमवारी सगळे लग्नाला गेले. त्या रात्री वादळ झाले, तारा तुटल्या आणि वस्तीवरची लाईट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली. घरी मात्र हे कुणालाच ठाऊक नव्हते. गुरुवारी सगळे परत आले तेव्हा डबा दगडासारखा गोठलेला. नणंदेने तो रस्सा चांगला खळखळून उकळला आणि सगळ्यांना वाढला. तीन-चार तासांत दोन्ही मुले आणि सासूबाई उलट्यांनी बेजार झाल्या. रात्रीच गाडी करून दवाखाना गाठावा लागला, सलाईन लावावे लागले. जीव वाचले. पण चार दिवसांची मजुरी बुडाली आणि औषधपाण्याचा खर्च वेगळाच.

नणंद मला म्हणाली, "वहिनी, शिळे खाऊ घातले म्हणून सगळे मलाच बोलतात. पण बर्फात ठेवले होते, वरून उकळलेही होते. मग माझे चुकले काय?"

तिचे एकटीचे काहीच चुकले नव्हते. फ्रीजर काय करतो आणि काय करत नाही, हे तिला कुणी सांगितलेच नव्हते. ते सांगण्यासाठीच हा लेख.

गोठवल्याने जंतू मरत नाहीत

थंडीने जंतू मरतात असा आपला समज आहे. तो खरा नाही. गोठवलेल्या अन्नात बहुतेक जंतू नुसते निपचित पडून राहतात, वाढत नाहीत. अन्न वितळले, कोमट झाले की ते पुन्हा कामाला लागतात. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात ते झपाट्याने वाढतात. काही जंतू वाढताना अन्नात विष सोडतात. उकळल्याने जंतू मरतात, पण यातली काही विषे उकळूनही जात नाहीत. नणंदेच्या घरी बहुधा हेच झाले. लाईट गेली, रस्सा वितळून दिवसभर उन्हाळ्याच्या उकाड्यात पडून राहिला, त्यात विष तयार झाले. नंतर लाईट आली आणि तो पुन्हा गोठला. वरून पाहणाऱ्याला काय कळणार? वासावर आणि चवीवरही विसंबू नये. आजारी पाडणाऱ्या जंतूंनी अन्नाला वास येतोच असे नाही.

म्हणून पहिली गोष्ट पक्की लक्षात ठेवा. फ्रीजर अन्न सुधारत नाही. आत ठेवताना ते जसे होते तसेच थांबवून ठेवतो, आणि तेही लाईट आहे तोवरच.

कप्पा किती थंड?

अन्न नीट टिकवायचे तर फ्रीजरचे तापमान उणे १८ अंश सेल्सिअस लागते. जगभर हाच आकडा धरतात. दोन दारांच्या फ्रीजमधला वेगळा फ्रीजर किंवा आईस्क्रीमच्या दुकानातली पेटी ही थंडी गाठते. एका दाराच्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा इतका थंड होईलच असे नाही. त्यात पाण्याचा बर्फ होतो, पण बर्फ तर शून्य अंशालाच होतो.

काही फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यावर चांदणीची खूण असते. एक चांदणी म्हणजे उणे ६ अंश, गोठवलेले अन्न एक आठवडा. दोन चांदण्या म्हणजे उणे १२ अंश, एक महिना. तीन चांदण्या म्हणजे उणे १८ अंश, तीन महिने. मात्र एक घोटाळा टाळा. फ्रीजच्या दारावर जे ताऱ्यांचे मोठे लेबल चिकटवलेले असते, ते वीजबचतीचे आहे. आपल्या देशात ते २००६ पासून सुरू झाले. त्यावर पाच तारे असले म्हणजे वीज कमी लागते एवढाच अर्थ. अन्न जास्त दिवस टिकते असा त्याचा अर्थ नाही. आतल्या कप्प्यावर कोणतीच खूण नसेल, तर आपला कप्पा एका चांदणीचा समजावा आणि एका आठवड्याच्या वर काही ठेवू नये.

कोणते अन्न किती दिवस?

खाली दिलेले महिने उणे १८ अंशाच्या चांगल्या फ्रीजरचे आहेत. एका दाराच्या फ्रीजवाल्यांनी यातल्या प्रत्येक पदार्थाला एकच आठवडा धरावा.

कच्ची कोंबडी, तुकडे केलेली : ९ महिने. अख्खी : वर्षभर.
मटणाचे मोठे तुकडे : ४ ते १२ महिने.
खिमा : ३ ते ४ महिने. मांस बारीक केले की ते लवकर खराब होते.
कलेजी, वजडी : ३ ते ४ महिने. आणल्या दिवशीच स्वच्छ करून ठेवावी.
बांगड्यासारखे तेलकट मासे : २ ते ३ महिने. कमी तेलाचे मासे : ६ ते ८ महिने. मुळा धरणातला किंवा नाथसागरातला रोहू, कटला आणला तर त्यालाही कमी मुदतीचाच हिशेब लावावा.
शिजवलेला रस्सा, आमटी, उसळ : २ ते ३ महिने.
पाव : ३ महिने.
वाटाणे व इतर भाज्या, उकळत्या पाण्यातून काढलेल्या : ८ ते १२ महिने.

मुदत उलटली की अन्न त्या दिवशी विषारी होते असे नाही. उणे १८ अंश अखंड राहिले, तर त्याची चव आणि पोत जातो एवढेच. मांसाच्या कडा पांढरट, कोरड्या होतात. तेवढा भाग कापून टाकला तरी चालतो. खरा धोका मुदतीपेक्षा मधल्या वितळण्याचा आहे.

बांगड्यासारख्या माशांची आणखी एक गोष्ट. आपला जिल्हा समुद्रापासून लांब. मासा बर्फात घालून येतो. वाटेत बर्फ संपला आणि मासा तापला, तर त्यात तयार होणारे विष शिजवून किंवा गोठवून जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होते, अंगावर पित्तासारखे चट्टे उठतात. म्हणून बर्फाविना उघड्यावर मांडलेला असा मासा स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

अंडी कवचासकट गोठवू नयेत, कवच तडकते. ती खालच्या कप्प्यात ठेवावीत. दही, काकडी, उकडलेला बटाटा गोठवल्यावर पाणी सुटून बेचव होतात. भात उरला तर लवकर गार करून खालच्या कप्प्यात ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा. भातातले काही जंतू शिजवूनही मागे उरतात, म्हणून तो रात्रभर ओट्यावर ठेवणे वाईट.

ठेवण्याची रीत

शिजवलेले अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेले पाहिजे. चैत्र-वैशाखात पारा ३२ अंशांच्या वर असतो, तेव्हा एकाच तासात. चौदा एप्रिलचे जेवण आणि बुद्धपौर्णिमेची खीर ऐन उन्हाळ्यात येतात, हे विसरू नका. दुपारी उरलेली खीर संध्याकाळी डब्यात भरून घरी नेऊ नये. उरणार असे दिसले की तेव्हाच वाटून टाकावी.

मोठे पातेले मधोमध तासन्‌तास गरम राहते. म्हणून अन्न पसरट ताटात ओतावे, ताट गार पाण्यात ठेवावे, वाफ गेली की एका वेळेला पुरेल एवढेच लहान डब्यात भरावे. डब्यावर कागदाची चिठ्ठी चिकटवून तारीख लिहावी. मुलांची जुनी वही यासाठी उपयोगी पडते.

हिवाळ्यात वाटाणा स्वस्त असतो. सोललेले दाणे उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटे टाकावेत, लगेच गार पाण्यात काढावेत, फडक्यावर कोरडे करून पिशवीत बांधावेत. अकोले-संगमनेर भागात टोमॅटोचे भाव पडतात, तेव्हा टोमॅटो शिजवून, गाळून त्याचा रस असाच ठेवता येतो.

गोठलेले मटण ओट्यावर ठेवून वितळवू नये. बाहेरचा भाग तापतो आणि आतला दगडच राहतो. आदल्या रात्री ते खालच्या कप्प्यात ताटलीत ठेवावे. घाई असेल तर पिशवी घट्ट बांधून गार पाण्यात बुडवावी, दर अर्ध्या तासाने पाणी बदलावे आणि लगेच शिजवावे. एका दाराच्या फ्रीजचे बर्फ वितळवण्याचे बटण दाबले की कप्प्यातले मांसही वितळते. ते बटण मांस संपल्यावरच दाबावे.

लाईट गेल्यावर

लाईट गेली की पहिले काम म्हणजे दार न उघडणे. बंद दाराचा खालचा कप्पा सुमारे चार तास गार राहतो. मोठा वेगळा फ्रीजर गच्च भरलेला असेल तर ४८ तास आणि अर्धा भरलेला असेल तर २४ तास धरतो. आपल्या लहान कप्प्याला हा हिशेब लावू नये, तो फार लवकर वितळतो. मांसात अजून बर्फाचे कण हाताला लागत असतील तर ते पुन्हा गोठवता येते किंवा लगेच शिजवता येते. मऊ पडून कोमट झाले असेल तर टाकून द्यावे.

पण आपण गावाला गेलो असताना लाईट गेली, तर कळणार कसे? त्यासाठी एक सोपा उपाय आहे. वाटीभर पाणी फ्रीजरमध्ये गोठवा. बर्फावर एक रुपयाचे नाणे ठेवा आणि वाटी कायम तिथेच राहू द्या. परत आल्यावर नाणे वरच असेल तर ठीक. वाटीच्या तळाशी गोठलेले दिसले, तर मधल्या काळात सगळे पाणी झाले होते आणि नंतर पुन्हा बर्फ झाला. मग आतले मांस, मासे, रस्सा काहीही खाऊ नये. नाणे मधेच रुतले असेल तरीही धोका पत्करू नये. नणंदेच्या घरी हा रुपया असता, तर दवाखान्याचे पैसे वाचले असते.

ज्यांच्याकडे फ्रीज नाही

पाथर्डी, शेवगावकडची अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. कोपीवर फ्रीज कुठला? तिथे वाळवलेलेच कामी येते. सुकट, बोंबील, सांडगे, बाजरीच्या खारोड्या, डाळी. अन्न खराब व्हायला जंतूंना पाणी लागते. वाळवण तेच पाणी काढून घेते. आपल्या आज्या-पणज्या मांसाच्या लांब पट्ट्या कापून, मीठ लावून दोरीवर वाळवायच्या. त्यांना चान्या म्हणत. गावाने टाकलेल्या मेलेल्या जनावरावर जगावे लागे, ते मांस एका दिवसात संपत नसे आणि उद्याच्या भाकरीची खात्री नसे, त्यातून ही विद्या आली. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा असे सांगितले आणि आपल्या लोकांनी ते सोडले. वाळवण्याची अक्कल मात्र टाकाऊ नव्हती. ती आजही उपयोगी आहे. फक्त ओल लागू देऊ नये. पावसाळ्यात सुकटीला बुरशी दिसली तर ती झटकून खाऊ नये.

बाजरीचे पीठ मात्र वाळलेले असूनही आठ-पंधरा दिवसांत कडू होते, कारण बाजरीत तेलाचा अंश जास्त असतो. म्हणून थोडे थोडेच दळावे. फ्रीज असेल तर पीठ घट्ट डब्यात भरून आत ठेवावे, कडूपणा लांबतो.

शेवटी एवढेच. अन्न टाकताना आपला हात थरथरतो. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या उष्टे आणि शिळे आले, त्यांना अन्नाची किंमत कुणी सांगायला नको. पण वितळून गोठलेला वाटीभर रस्सा वाचवण्यापायी घरातले लेकरू सलाईनवर जात असेल, तर ती काटकसर नव्हे. असे अन्न टाकणाऱ्या सुनेला कुणी उधळी म्हणू नये. पुरुष मंडळींनीही मटण आणताना दोन किलो स्वस्त पडते म्हणून आणू नये, आपल्या कप्प्याला आठवड्यात पेलेल एवढेच आणावे.

आज रात्री झोपण्यापूर्वी वाटीभर पाणी फ्रीजरमध्ये ठेवा. उद्या सकाळी त्यावर रुपया ठेवा. जयभीम.