टिपणांचे भांडार

ज्ञान मिळविणे कठीण खरे. परंतु मिळविलेले ज्ञान नीट जपणे त्याहून कठीण. पूर्वी अभ्यासकांचा संग्रह वह्यांत व बाडांत असे. आता तो संगणकात असतो. टिपणे ठेवण्यासाठी आज अनेक सॉफ्टवेअरे मिळतात. त्यांतील कोणते निवडावे, याचे उत्तर वऱ्हाडच्याच इतिहासात सापडते.

अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे पवित्र स्थान होय. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी श्रीचक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. ज्यांनी स्वामींना पाहिले होते, त्यांच्याकडे ते गेले आणि ऐकलेली प्रत्येक लीळा त्यांनी नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतली. कोणी सांगितले व ते खरे आहे काय, ही चौकशी हाच टिपणाचा प्राण होय.

पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ प्रत नाहीशी झाली, असे परंपरा सांगते. अनुयायांनी स्मरणाच्या बळावर ग्रंथ पुन्हा उभा केला. परंतु त्यात पाठभेद शिरले. डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादिलेली त्याची प्रत १९७८ साली प्रसिद्ध झाली, तीही अनेक हस्तलिखिते ताडून पाहिल्यावरच. एकच प्रत ठेवणे किती धोक्याचे, हे यावरून उमगते.

पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले. हेतू रक्षणाचा होता व तो सफलही झाला. मात्र विसाव्या शतकाच्या आरंभी किल्ली उलगडेपर्यंत बाहेरच्या अभ्यासकांना हे भांडार बंदच राहिले. काही सॉफ्टवेअरेही टिपणे अशीच स्वतःच्या सांकेतिक रूपात ठेवतात. ते सॉफ्टवेअर बंद पडले, की धनी असूनही माणूस आपल्याच घराबाहेर उभा राहतो.

आकर्षक सॉफ्टवेअरांचे गुण नाकारण्याचे कारण नाही. क्षणात शोध घेणे, एक टीप दुसरीशी जोडणे, या सोयी मोलाच्याच आहेत. तथापि निवड करताना तीन गोष्टी आधी पाहाव्यात : टिपणाबरोबर त्याचा आधार नोंदविता यावा, दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवता यावी, आणि सर्व मजकूर साध्या, कोठेही उघडणाऱ्या रूपात बाहेर काढता यावा. रंगरूपाचा विचार त्यानंतर.

समजा, अकोल्याची एखादी विद्यार्थिनी आजीच्या तोंडचे वऱ्हाडी शब्द टिपून ठेवीत आहे. शब्द, अर्थ, सांगणाऱ्याचे नाव, गाव व दिनांक एवढे तिने लिहिले, तर तिचा संग्रह उद्याच्या अभ्यासकालाही उपयोगी पडेल. तो हरवला, तर आजीला पुन्हा विचारण्याची संधी मिळेलच असे नाही.

साधन बदलत जाते. जपणाऱ्याची दक्षता मात्र बदलून चालत नाही. म्हाइंभटांपाशी संगणक नव्हता. सत्याची चाड होती. ती ज्याच्यापाशी आहे, त्याला साधी वहीही पुरते. ती नसेल, तर उत्तमातले उत्तम सॉफ्टवेअरही अडगळीची खोली ठरते.