दुचाकीवाल्यांचा भाईचारा आणि आपली दुकानदारी

मालाच्या निमित्ताने मुंबई-आग्रा रस्त्यावर ये-जा करणाऱ्या व्यापारी बांधवांनी एक गोष्ट जरूर पाहिली असेल. कसाऱ्याच्या घाटात एखादी बुलेट बंद पडून कडेला उभी असली, तर मागून येणारा दुसरा बुलेटवाला सहसा थांबतो. ओळख ना देख, पण तो उतरतो, प्लग काढून पाहतो, स्वतःजवळची तार देतो आणि गाडी सुरू झाल्याशिवाय निघत नाही. त्याच जागी कोट्यवधी रुपयांची स्पोर्ट्‌स मोटार बंद पडली तर तिचा मालक काचा वर करून कंपनीला फोन लावतो आणि गाडी ओढून नेणाऱ्याची वाट पाहत बसतो.

लोक म्हणतात, पैशाने माणूस मगरूर होतो. आमच्या मते हे उत्तर अर्धे आहे. बाकीचे अर्धे हिशेबाचे आहे, आणि ते व्यापाऱ्याने समजून घेण्यासारखे आहे.

मोटारसायकलवाल्यांची सलामाची रीत जगभर आहे. अमेरिकेत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. समोरून येणारा स्वार डाव्या अंगाला येतो आणि आपला उजवा हात ॲक्सिलरेटरवर अडकलेला असतो. म्हणून तेथे डावा हात खाली झुकवून सलाम करतात. इंग्लंडात आपल्यासारखे डावीकडून चालतात, तेव्हा नुसती मान हलवून काम भागते. फ्रान्समध्ये कोणी वाट दिली तर स्वार उजवा पाय बाजूला काढून शुक्रिया अदा करतो. रीत वेगवेगळी, मतलब एकच: तूही उघड्यावर आहेस, मीही उघड्यावर आहे. ऊन, पाऊस, रस्त्यावरचे तेल, बेफिकीर ट्रकवाला, यांतून दोघांनाही सारखेच जायचे असते. पडला तर दोघांच्याही अंगाभोवती पत्रा नाही. मोटारीत बसलेल्या माणसाला पत्रा आहे, काच आहे, थंड हवा आहे. त्याला दुसऱ्याची गरज कमी, म्हणून दुसऱ्याची आठवणही कमी.

पण हा चार चाकांचा दोष म्हणावा, तर तेही बरोबर नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडच्या एमजी कंपनीच्या छोट्या उघड्या मोटारी अमेरिकेत गेल्या. त्या वेळी अशा गाड्यांचे मालक रस्त्यात दिसले की एकमेकांना हात करीत. गाडी उघडी, भाग मिळणे मुश्किल आणि जाणकार मिस्त्री विरळा; मग एकमेकांशिवाय चालणार कसे? एमजीवाल्यांचा क्लब 1930 मध्ये निघाला. ॲबिंग्डनचा त्यांचा कारखाना 1980 मध्ये बंद पडला, तरी क्लब चालू राहिला आणि जुन्या गाड्यांचे सुटे भाग आजही बनतात. जपानच्या माझदा कंपनीने 1989 मध्ये साधी, उघडी, दोन माणसांची एमएक्स-5 ही मोटार आणली. 2016 मध्ये तिचा दहा लाखांचा आकडा पुरा झाला. तिचे मालकही आपसांत हात करतात. तेव्हा फरक चाकांचा नाही, गरजेचा आहे.

दुसरा फरक त्याहून मोठा आहे. फेरारीने 2013 मध्ये लाफेरारी नावाची मोटार दाखवली. बंद छताच्या 499 गाड्या ठरवल्या आणि त्या निवडक जुन्या ग्राहकांना दिल्या. असा माल विकत घेणाऱ्याच्या दृष्टीने दुसरा शौकीन हा रांगेतला प्रतिस्पर्धी ठरतो. गाड्या जितक्या कमी, तितकी त्याच्या गाडीची किंमत जास्त. तेही एकत्र जमतात, गाड्या ओळीने लावतात, एकमेकांचे कौतुक करतात. शौक त्यांचाही खरा असतो. पण दुसऱ्याजवळ तीच गाडी असण्यात त्यांचा फायदा नाही. बुलेट किंवा येझदीवाल्याचे गणित उलटे आहे. रस्त्यावर त्याच्यासारखे जितके जास्त, तितके सुटे भाग जास्त, मिस्त्री जास्त, मदतीला थांबणारे हातही जास्त. दुसऱ्याच्या असण्याने त्याची बरकत वाढते.

जावा-येझदीचे उदाहरण घ्या. म्हैसूरचा कारखाना 1996 मध्ये बंद पडला. नवी गाडी नाही, कंपनी नाही, जाहिरात नाही. तरी मालकांनी गाड्या सांभाळल्या. जुलै महिन्याच्या दुसऱ्या रविवारी शहरोशहरी जमून ते जावा दिवस पाळू लागले. कोणाकडे कोणता भाग पडून आहे, कोणता मिस्त्री इंजिन नीट बांधतो, ही खबर एकमेकांना देत राहिले. 2018 मध्ये जावाच्या नावाने पुन्हा नव्या गाड्या बाजारात आल्या. 22 वर्षे दुकान बंद असूनही नावाची पत कायम राहिली, ती या मालकांनी आणि गल्लीतल्या मिस्त्र्यांनी राखली.

कंपन्यांनाही ही गोष्ट उमगली आहे. अमेरिकेच्या हार्ले-डेव्हिडसनची अवस्था बिकट असताना 1981 मध्ये तिच्या 13 अधिकाऱ्यांनी ती आधीच्या मालकांकडून विकत घेतली, आणि 1983 मध्ये मालकांची संघटना उभी केली. गोव्यात रॉयल एनफिल्डवाल्यांचा मेळा भरतो, तोही याच समजुतीतून. पण येथे एक इशारा देतो. हार्लेने आपल्या देशातही अशा संघटना काढल्या, तरी 2020 मध्ये हरियाणातला कारखाना बंद केला. भाईचाऱ्याने ग्राहक टिकतो, पण महाग माल स्वस्त होत नाही.

कोणी विचारील, आपल्याकडे शंभर सीसीच्या गाड्या चालवणारे कोट्यवधी लोक एकमेकांना कुठे सलाम करतात? प्रश्न रास्त आहे. ती गाडी सहसा बंद पडत नाही आणि पडली तर कोपऱ्यावर मिस्त्री आहे. जेथे अडचण नाही, तेथे बिरादरी बनत नाही. मोठ्या गाडीवाले साध्या गाडीवाल्याकडे पाहतही नाहीत, हेही खरे आहे. त्यांच्यातही गर्व आहेच.

आता मुद्द्याची गोष्ट. या भाईचाऱ्याच्या मधोमध कारागीर बसलेला आहे. बुलेटचे टॅपेट कानाने ऐकून बसवणारा उस्ताद, सीट शिवणारा, टाकीला रंग मारणारा, चामड्याच्या बॅगा बनवणारा, यांना जाहिरात करावी लागत नाही. एक स्वार खूश झाला तर दहा पाठवतो. मात्र एकाला फसवले तर ती खबरही दहांपर्यंत त्याच दिवशी पोहोचते. एप्रिल 2020 पासून प्रदूषणाचे नवे नियम लागू झाले, कार्बोरेटर गेला आणि इंजेक्शन आले. नव्या गाडीतला बिघाड यंत्र जोडून पाहावा लागतो. जो मिस्त्री हे शिकणार नाही, त्याचे गिऱ्हाईक कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जाईल. आणि मिस्त्रीचा ओटा उठला तर तेथे जमणारी मंडळीही पांगतील. म्हणून या कारागिरांनी मुलांना नवे काम शिकवावे आणि त्यासाठी लागणारे यंत्र चौघांनी मिळून घ्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कापडाच्या बाजारातही हेच आहे. गिऱ्हाइकाने मागितलेला तागा आपल्याकडे नसला तर पोऱ्याला शेजारच्या दुकानात पाठवून आणवण्याची चाल जुनी आहे. त्यात शेजाऱ्याचा माल खपतो आणि आपले गिऱ्हाईक परत जात नाही. ज्यांनी काचेचे दरवाजे लावले त्यांनी खुशाल लावावेत. पण शेजाऱ्याच्या दुकानात गर्दी झाली की आपला फायदा होतो की तोटा, हा हिशेब प्रत्येकाने एकदा वहीत मांडून पाहावा. बाजार भरलेला असेल तरच गिऱ्हाईक गावाहून भाडे खर्चून येते. एकट्या दुकानासाठी येत नाही.