दगडफुलाच्या पाकिटांची गरज
गोड्या मसाल्यातले दगडफूल हे लायकेन, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. सह्याद्रीतल्या लायकेनचे नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पाकिटांत जपलेले आहेत. आत सालीचा राखाडी तुकडा, वर चिठ्ठी: जागा, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव. माझ्या मते खरे मोल त्या चिठ्ठीचे. जागेची नोंद काय सांगू शकते ते पाहा: लायकेनतज्ज्ञ निलांदर यांनी १८६६ मध्ये पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतली लायकेन नोंदवली, ती शहरात इतरत्र आढळत नसल्याचे दाखवले आणि त्याचा संबंध हवेशी जोडला. मुंबईत अंधेरी-घाटकोपरच्या हवेचा असा माग काढायचा, तर तुलनेसाठी बोरिवली-मुलुंडकडच्या जंगलातले नमुने आजच तारखेनिशी जमा व्हायला हवेत.

मोबाइलवरचा फोटो पुरणार नाही का? नाही. कित्येक जाती सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू पाहून, रसायनाच्या थेंबाने रंग बदलतो का हे तपासूनच ओळखता येतात. लायकेन फार सावकाश वाढते, म्हणून ते खरवडू नये, ही काळजी रास्तच. पण वनखात्याच्या परवानगीने घेतलेला छोटा तुकडा पुष्कळदा पुरतो. संग्राहक सोयीच्या वाटांनीच फिरतात, हा आक्षेप अधिक वजनदार. त्यामुळे नोंद नाही म्हणजे जात नाही, असे मुळीच धरू नये. यावर उपाय एकच: आडवाटेच्या झाडांचीही तपासणी, आणि काही सापडले नाही तर तेही लिहून ठेवणे. उपनगरांतल्या महाविद्यालयांनी हवा मोजणाऱ्या केंद्रांजवळच्या झाडांपासून या पावसाळ्यानंतर सुरुवात करावी.