सूर जुळायला हवा

धाकट्या बहिणीने दोन भेटींनंतर मानसोपचार सोडले, तेव्हा मी तिच्यावर चिडलो होतो. "तुलाच बरं व्हायचं नाहीये," असंही बोलून गेलो. "दादा, ते ऐकतच नाहीत रे, नुसतं लिहून घेतात," ती म्हणाली. मी कानाआड केलं. वर्षभराने ती दुसऱ्या एका बाईंकडे गेली आणि हळूहळू सावरली. चूक तिची नव्हती, हे मला उशिरा कळलं.

उपचारक आणि रुग्ण यांचं नातं हे मानसोपचाराचंच अंग आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बोर्डिन यांनी १९७९ मध्ये त्याचे तीन धागे सांगितले: काय साधायचं यावर एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत आणि परस्परांविषयी विश्वास. २०१८ मध्ये २९५ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात ३० हजारांहून अधिक रुग्ण होते. पद्धत कोणतीही असो, नातं घट्ट तिथे गुण अधिक, असाच कल दिसला.

नातं म्हणजे गोड बोलणं नव्हे. चांगला उपचारक अवघड प्रश्नही विचारतो. खटका उडाला, तर तोही बोलून मिटवता येतो. म्हणून घरच्यांनी "गेलीस का?" एवढ्यावर थांबू नये. "तिथे मोकळं बोलता येतं का?" हेही विचारावं. उत्तर 'नाही' असेल, तर आधी उपचारकालाच सांगावं. तरी जमलं नाही, तर दुसरं दार ठोठावण्यात कमीपणा नाही.

मी तेव्हा एवढं विचारलं असतं, तर बहिणीचं एक वर्ष कदाचित वाचलं असतं.