‘प्रमाण’ या शब्दाचे अपुरेपण

भाषा आणि साहित्य यांच्या अभ्यासकाने आकड्यांच्या वाटेला जाऊ नये, असा एक समज आपल्या विद्यापीठीय वर्तुळात रुजलेला आहे. परंतु संख्या जेव्हा वाक्यात येते तेव्हा तिचा अर्थ शब्दच ठरवितात; आणि रोगराईविषयीच्या मराठी लेखनात हे अर्थनिश्चितीचे काम बहुधा ‘प्रमाण’ या एकाच शब्दावर सोपविलेले दिसते. हा भार त्याला पेलण्यासारखा नाही, असे आमचे मत आहे.

चेन्नईचेच उदाहरण घेऊ. १९८६ साली, शहराचे नाव मद्रास असताना, तेथील वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली सेल्लप्पन निर्मला या विद्यार्थिनीने आपल्या प्रबंधासाठी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले. वेल्लोर येथील तपासणीत त्यांपैकी सहा नमुन्यांत एचआयव्हीची लागण आढळली आणि या विषाणूचे भारतातील अस्तित्व प्रथमच उघड झाले. सॉलोमन या मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या गायतोंडे या मराठी कुटुंबातल्या. १९९३ साली त्यांनी स्थापन केलेल्या संशोधन केंद्राला तेच नाव आहे. त्या सहा नमुन्यांनी लागण आहे एवढे सिद्ध केले. किती आहे, हे मात्र त्यांवरून सांगता येण्यासारखे नव्हते. सहा हा अंश झाला. छेदस्थानी विशिष्ट जोखमीचा एक लहान समूह होता, सारे शहर नव्हे. अंशाबरोबर छेद न सांगता ‘प्रमाण’ सांगणे म्हणजे कर्त्यावाचून क्रियापद वापरणे होय.

छेदाचे हे महत्त्व २००७ साली देशाच्या पातळीवर प्रत्ययास आले. त्याआधीच्या वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या एड्स कार्यक्रमाने भारतातील बाधितांची संख्या सुमारे ५७ लाख मानली होती. ती आता सुमारे २५ लाखांवर आणण्यात आली. या अवधीत निम्मे रुग्ण बरे झाले नव्हते. पूर्वीचा अंदाज प्रामुख्याने ठरावीक दवाखान्यांत येणाऱ्यांच्या तपासणीवर आधारलेला होता. २००५-०६ च्या तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात एक लाखाहून अधिक सर्वसामान्य स्त्रीपुरुषांचे रक्त तपासले गेले, आणि छेद बदलताच चित्रही बदलले.

दुसरा घोटाळा याहून सूक्ष्म आहे. एखाद्या वेळी समाजात किती जण बाधित आहेत, हा एक प्रश्न; ठरावीक काळात, अद्याप बाधा न झालेल्यांपैकी किती जणांना ती नव्याने झाली, हा दुसरा. पहिल्याला आपण व्याप्ती म्हणू, दुसऱ्याला नवलागण. समजा, एका नगरात दरसाल १०० नव्या लागणी होतात आणि बाधित माणूस सरासरी ५ वर्षे जगतो. स्थिती स्थिर असल्यास तेथे सुमारे ५०० बाधित आढळतील. औषधांमुळे तो २० वर्षे जगू लागला आणि नव्या लागणी ५० वर उतरल्या, तर कालांतराने बाधितांची संख्या १,००० होईल. म्हणजे रोगाचा फैलाव निम्म्यावर आला असता व्याप्ती मात्र दुप्पट! एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत, त्यांत चेन्नईजवळील तांबरमच्या रुग्णालयातही, विषाणूरोधक औषधे मोफत मिळू लागली. अशा काळात ‘रोगाचे प्रमाण वाढले’ असे मोघम वाक्य लिहिणारा लेखक उपचाराच्या यशालाच अपयश ठरवून बसतो. आणि ते वाक्य वाचून समाज बाधितांकडे अधिकच भयाने पाहू लागतो.

यावर उपाय म्हणून संस्कृत धातूंतून दुर्बोध संज्ञा घडवाव्यात, असे आम्ही सुचवीत नाही. ‘लागण’ हा शब्द मराठी माणसाच्या तोंडी आहे, ‘व्याप्ती’ त्याला परका नाही. अर्थांची वाटणी करून त्यांचा काटेकोर वापर करणे एवढेच बाकी आहे. हे काम वैद्यांचे, आपले नव्हे, असे म्हणून ते टाळता येणार नाही; कारण कोशांचे संपादन, अनुवादांची पारख आणि पाठ्यपुस्तकांची भाषा ही कामे आपल्याच हाती आहेत. शब्दातील अर्थच्छटांसाठी पानेच्या पाने खर्ची घालणाऱ्या अभ्यासकाने, जिथे अर्थच्छटेवर जिवंत माणसांची प्रतिष्ठा अवलंबून असते तिथेही तितकीच चिकित्सा दाखवावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.